चौकट छापा, बाजारभावाच्या शेजारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावी आणि नीटचे निकाल लागले की महिनाभर मराठवाड्यातल्या दैनिकांची पाने क्लासेसच्या जाहिरातींनी भरून जातात. हार घातलेली पोरं, पेढे भरवणारे आईबाप. त्याच अंकात आत कुठेतरी दुसरी बातमी असते, एखाद्या पोराच्या आत्महत्येची: ‘मोबाईल काढून घेतला म्हणून…’, ‘कमी गुण पडले म्हणून…’. तिच्यात कारण एकच असतं, पद्धत सविस्तर असते, गाव, क्लास आणि खोली ओळखू येईल इतका तपशील असतो. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याबद्दल प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांत नेमक्या याच गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत. ठळक जागा देऊ नका, पद्धत लिहू नका, जागा सांगू नका, मथळा सनसनाटी करू नका. त्या सूचनांचं काय झालं, हा वाद आज घालत नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. आपल्या घरातलं लेकरू असं कोमेजलेलं दिसलं तर आईबापाने उद्या सकाळी नऊ वाजता कुठल्या दारात उभं राहायचं, हे त्या बातमीच्या खाली कधीच नसतं. तेवढं एका चौकटीत छापा. कच्चा मजकूर खाली देतो, काटछाट आपली.

‘मराठवाड्यात सोयच नाही’ हे वाक्य आधी बाजूला ठेवावं लागेल. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्याकडे त्यातलं एकही नाही. त्यामुळे मनाचा आजार म्हणजे येरवडा, असं समीकरण डोक्यात बसलं आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बहुतेक तक्रारींना भरती लागतच नाही, ओपीडी पुरते. ती ओपीडी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयात आहे, नांदेडला विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्थेत आहे. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा पातळीवर असतं. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं असेल तिथे महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं. काही ठिकाणी पाटीवर ‘अर्श’ (किशोरवयीन प्रजनन व लैंगिक आरोग्य याचं इंग्रजी लघुरूप) लिहिलेलं असतं आणि शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ते काय आहे हे सांगता येत नाही. ते कुठल्या दिवशी, किती वाजता चालू असतं, हे गावातल्या आशाताईला विचारलेलं बरं. आरोग्यसेविका आणि उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी यांनाही माहीत असतं.

दार गाठण्याआधी फोन. १४४१६, टेली-मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीसह वीस भाषांत बोलता येतं. फोन लावला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो. कीपॅडचा आकडा दाबायचा असतो आणि बरेच जण इथेच ‘कंपनीचा फोन आहे’ समजून ठेवून देतात. आकडा दाबा, थांबा, मग माणूस येतो. न लागल्यास पुन्हा लावा. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. मुलगा बोलायला तयार नसेल तर आईने किंवा वडिलांनीच आधी बोलावं, त्याला काही हरकत नाही. बोलण्याआधी कागदावर पाच ओळी लिहून ठेवाव्यात: हे कधीपासून आहे, झोप किती, जेवण किती, शाळा-क्लास किती दिवस बुडाला, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. या पाच ओळी नसल्या की फोनवर पहिली दहा मिनिटं ‘पोरगं ऐकत नाही’ यातच जातात. आणि फोन अंगणात, चार माणसांत, स्पीकरवर लावून मुलाच्या हातात देऊ नये. तो ‘काही नाही, बरं आहे’ म्हणेल आणि तुम्हाला वाटेल, खरंच बरं आहे.

बाकीचे आकडे एका ओळीत बसतात. अठरा वर्षांखालच्या मुलावर कुठलाही अन्याय, मारहाण, बालविवाह: १०९८. रुग्णवाहिका: १०८. नशा सोडण्यासाठी: १४४४६. तंबाखू-गुटखा सोडण्यासाठी: १८००-११-२३५६. घरात जिवाला धोका: ११२.

आता कधी घाबरायचं आणि कधी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा या वयात ७.३ टक्के मुलांना निदान करता येईल असा मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार-पाच. उरलेल्या पंचावन्न जणांचं दार आपटणं, आरशासमोर तासभर उभं राहणं, बापाला उलट बोलणं हे वयाचं आहे, त्यासाठी डॉक्टर नको. फरक मोजायचा तो दिवसांवर आणि कामांवर. दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ तेच, आणि त्यामुळे झोप, जेवण, शाळा, मित्र यांतलं काहीतरी मोडलेलं, असं दिसलं की वाट पाहू नये. उदास माणूस रडतो असा समज आहे. या वयात उदासी बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात येते. पोटदुखी आणि डोकेदुखी घेऊन येते. मग सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि शेवटी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दोन सलाईन. सलाईनने दोन दिवस बरं वाटतंही, कारण त्या दोन दिवसांत कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड मात्र जरूर तपासून घ्यावं. दोन्हीतल्या बिघाडाने मुलगी थकलेली, मंद, निरुत्साही दिसते आणि सगळं खापर मोबाईलवर फुटतं.

काही खुणांना दोन आठवडेही द्यायचे नाहीत. ‘मी नसले तर तुमचा खर्च वाचेल’ असं बोलणं, आवडती वस्तू एकदम वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं, स्वतःला इजा केल्याच्या खुणा. इथे सरळ विचारावं, शांत आवाजात: ‘जीव द्यावा असं मनात येतं का रे?’ विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती खरी नाही. विचारल्याने बहुधा सुटका झाल्यासारखं वाटतं. ‘हो’ आलं तर लेकराला एकटं सोडायचं नाही, रात्रीही नाही, १४४१६ ला फोन, त्याच दिवशी रुग्णालय. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात. आपल्या भाषेत ‘औषध’ हा एकच शब्द गोळीलाही चालतो आणि फवारणीच्या बाटलीलाही, आणि घरात दोन्ही एकाच कोनाड्यात सापडतात. हंगाम संपल्यावर उरलेली अर्धी बाटली बाजेखाली, माळ्यावर, गोठ्याच्या खुंटीला. ती पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली एका मोठ्या माणसाच्या कमरेला. आजोबांच्या बीपी-झोपेच्या गोळ्याही त्यातच. मरणाच्या विचाराची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं याने जीव वाचतात, हे जगभर दिसून आलं आहे.

काही पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नये. ते फुप्फुसात जातं. १०८ लावावा आणि बाटली सोबत न्यावी, लेबल वाचून उपचार ठरतात. पोलिसात नाव जाईल या भीतीने लोक आधी छोट्या दवाखान्यात लपवतात आणि वेळ घालवतात. रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद होते हे खरं. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा द्यायची नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे वाक्य चौकटीत ठळक हवं.

रुग्णालयात पहिल्या दिवशी काय होतं हे माहीत नसल्याने अर्धे लोक दारातून परततात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, खिडकीवर ‘मानसोपचार’ म्हणायचं. पाटीवर कधीकधी ‘मनोविकृतीशास्त्र’ असतं, तो शब्द वाचून आईचा चेहरा पडतो. विभागाचं सरकारी नाव आहे ते, तुमच्या मुलाचं निदान नव्हे. जुन्या गोळ्यांची पाकिटं, तपासण्यांचे कागद आणि ती पाच ओळींची चिठ्ठी न्यावी. मुलाला ‘डोळे तपासायला चाललोय’ असं खोटं सांगून नेऊ नये. एकदा फसवलं की दुसऱ्या तारखेला तो येत नाही, आणि खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच होतं. सरळ सांगावं: ‘तुझी झोप गेलीय, आम्हाला काळजी वाटते, डॉक्टरांना विचारू.’ डॉक्टरांना म्हणावं, ‘पाच मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला’, आणि आपण उठून बाहेर जावं. बाहेर आल्यावर ‘काय काय विचारलं?’ हा प्रश्न गिळून टाकावा. जिवाला धोका आणि लैंगिक अत्याचार या दोन गोष्टी डॉक्टरांना गुप्त ठेवता येत नाहीत. अत्याचाराची माहिती पोक्सो कायद्याने पोलिसांना द्यावीच लागते. बाकीचं त्याचं त्याच्याजवळ राहू द्यावं.

कोण कोण असतं तेही गोंधळाचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण झालेला डॉक्टर, गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, चाचण्या आणि मानसोपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो क्रमांक विचारण्यात लाज नाही. ‘समुपदेशक’ या शब्दावर मात्र कुणाची मक्तेदारी नाही. पदव्युत्तर मानसशास्त्र शिकलेलाही समुपदेशक आणि आठ दिवसांचं ऑनलाईन प्रमाणपत्र भिंतीला टांगलेलाही समुपदेशक. शिक्षण विचारा, किती भेटी लागतील विचारा. ‘एका बैठकीत फरक’ म्हणणाऱ्याकडून उठून या. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारी ‘डीएमआयटी’ शाळांच्या मेळाव्यांत विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही तसं सांगितलं आहे. डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’वाले त्याच माळेचे मणी.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता, झोप उडणं किंवा मरणाचे विचार वाढताना दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. या वयात हे विशेष जपावं लागतं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम थांबवायचं नाही, चक्कर, चिडचिड, मळमळ होते आणि लोक त्यालाच ‘सवय लागली’ म्हणतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही.

देवऋषी, उतारा, बाहेरची बाधा हे घराघरांत आहे. आजीशी त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नये. ‘अंगारा लाव, पण मंगळवारची तारीखही चुकवायची नाही’ एवढं ठरलं तरी पुष्कळ. मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं आलं की मात्र तो गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने.

आता क्लाससाठी गावाकडची पोरं जिथे खोली घेऊन राहतात ते लातूर. संभाजीनगर, नांदेडही, पण लातूर जरा जास्त. रात्री साडेनऊला मेसवरून परतलेल्या मुलाला गावाकडून फोन येतो.

‘जेवलास का?’
‘हो.’
‘काय होतं?’
‘नेहमीचंच.’
‘टेस्टचं काय झालं?’
गप्प.
‘पाटलाच्या पोराला सहाशे वीस पडले म्हणं.’
‘रेंज नाही इथं, ठेवतो.’

चार वाक्यांत संभाषण मार्कांवर येतं आणि तिथे मरतं. आईबापाचं प्रेम कमी असतं म्हणून नाही, दुसरं काय विचारावं हे सुचत नाही म्हणून. करून पाहण्यासारखं एक आहे. मार्कांचा विषय आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, दहा मिनिटं. क्लासचा ग्रुप रँकची यादी दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर टाकतो, ती उघडण्याचा मोह त्या दिवसापर्यंत आवरायचा. बाकीचे सहा दिवस खोलीतला हिंगोलीचा पोरगा, मेसची आमटी, गावातली वासराची खबर. मुलगा ‘अभ्यास होईना गेलाय’ म्हणाला की ‘आम्ही इथं उन्हातान्हात…’ हे वाक्य ओठावर येतं. ते तिथेच थांबवून ‘बरं, कधीपासून?’ म्हणावं आणि गप्प राहावं. फोनवर दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. तिच्या पलीकडे तो बोलतो. आणि ‘नाहीच जमलं तर परत ये, घर आहे’ हे एकदा, न रडता, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं. मुलांना हे माहीत असेल असं आपण धरून चालतो. पुष्कळांना नसतं.

झोपेचा हिशेबही मांडून बघावा. या वयात आठ ते दहा तास लागतात. अभ्यासिकेतून रात्री एकला येऊन सहाच्या बॅचसाठी पाचला उठणारा मुलगा चार तास झोपतो. महिन्याभरात त्याचं लक्ष उडतं, वाचलेलं राहत नाही, म्हणून तो आणखी तासभर जागतो. या चक्राला पालक ‘मेहनत’ म्हणतात. आधी उठण्याची वेळ पक्की करावी, रविवारीसुद्धा तीच. मग झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणावी, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, फोन खोलीबाहेर चार्जिंगला. एकदम दहाला झोपवायला गेलं की तो छताकडे बघत पडतो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

फी भरण्याआधी क्लासला विचारायचे प्रश्न आता नुसते नैतिक राहिलेले नाहीत. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे: सोळा वर्षांखाली किंवा दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, आठवड्याला सुट्टी हवी, मधूनच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी पुढे जाऊन आदेश दिले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, गुणांवरून बॅचेसची वर्गवारी नको, टेली-मानससह हेल्पलाईन क्रमांक वसतिगृहात आणि वर्गात मोठ्या अक्षरांत, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. कोचिंग संस्थाही यात आल्या. म्हणून ऑफिसात बसल्यावर विचारा: तुमचा समुपदेशक कोण, शिक्षण काय, आठवड्यातून किती दिवस असतो? उत्तर ‘आमचे सरच मुलांशी बोलतात’ असं आलं तर काय समजायचं ते समजा.

उसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी चौकटीत दोन ओळी वेगळ्या हव्यात. बीड-जालन्याकडची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात, उन्हाळ्यात परततात. मागे राहिलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर घर, लहान भावंडं आणि म्हातारी पडते, आणि ‘मागे कोण सांभाळणार’ या काळजीतून तिचं लग्न उरकलं जातं. जाण्याआधी हंगामी वसतिगृहाची शाळेत चौकशी करावी, नसेल तर गावातल्या एका मोठ्या माणसाचं नाव मुलीला सांगावं आणि १०९८ हा आकडा पाठ करून घ्यावा.

वाचण्या-ऐकण्यासाठी मराठीत चांगलं आहे. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचं ‘आवाहन’ हे यूट्यूब चॅनेल पालकांनी जेवताना लावावं. टेली-मानसचं ॲपही आहे. नेटवरच्या, उदासी मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत (पीएचक्यू-९) दहा किंवा जास्त गुण आले तर तो डॉक्टरांना दाखवायचा कागद समजावा, निदान नव्हे. आणि वाचन-स्पेलिंगमध्ये सतत अडखळणाऱ्या, पण बोलण्यात हुशार मुलाची अध्ययन अक्षमतेची तपासणी दहावीच्या आधी करून घ्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. अर्ज विभागीय मंडळाकडे जातो, जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

आता जागेचं. ही चौकट करिअर पुरवणीत घालू नका, ती मुलं वाचतात आणि तीही निकालाच्या महिन्यात. दर सोमवारी, जिल्हा पानावर, सोयाबीन-तुरीच्या भावांच्या खाली छापा, तिथे बापाची नजर रोज जाते. आठही जिल्ह्यांच्या ओपीडीचे वार आणि वेळा तुमच्या वार्ताहरांनी स्वतः खिडकीवर जाऊन विचाराव्यात, जुन्या पत्रकावरून उतरवू नयेत. वार बदलतात, डॉक्टरांची बदली होते, आणि पन्नास किलोमीटरवरून एसटीने आलेली बाई बंद दारापुढून परत गेली की पुन्हा येत नाही. दर तीन महिन्यांनी फिरून खात्री करावी. पडताळणीची तारीख चौकटीच्या कोपऱ्यात असावी.

आपले,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे काही समुपदेशक व शिक्षक, लातूर